बैल बसला

सिंगापुरात आलेला मराठी माणूस हौसेपायी काय करील याचा नेम नाही. कुणी ढोलपथक काढतं, कुणी तीन अंकी नाटक बसवतं, कुणी कोंडोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीतल्या फ्लॅटच्या, बाल्कनीत अळू लावून शेजारच्या चिनी आजींना अळूवड्या खायला घालतं. या सगळ्याचं घरच्यांना फोनवर निदान वर्णन तरी करता येतं. बुकित बातोक या वस्तीतल्या चौघांनी मात्र ब्लूग्रासचा बँड काढला. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातलं, तंतुवाद्यांवर भरधाव वाजवायचं गावरान संगीत. ते मराठीत गायचं आणि तेही विनोदी, असं त्यांनी ठरवलं. बँडचं नाव ठेवलं 'बातोक बैलगाडी'.

बँडात तिघे पुरुष आणि एक बाई. विक्रांत गिटार वाजवायचा आणि बोलायचा, त्यातलं बोलणं जास्त. पाया लेबारच्या एका कंपनीत तो आयटी मॅनेजर होता आणि आठवडाभर मीटिंगांमध्ये गिळलेले विनोद शनिवारी स्टेजवर काढायचा. अनघा बँकेत होती. लहानपणी पुण्यात गुरूंकडे शिकलेलं व्हायोलिन ती इथे फिडल म्हणून वाजवायची आणि गुरूंच्या कानावर यातलं काही जाऊ नये एवढीच तिची इच्छा होती. सुबोध तुआसच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्याचा डबल बास त्याच्याहून उंच, त्यामुळे एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, लोक आधी बासला जागा करून द्यायचे, मग सुबोधला. चौथा श्रीनिवास. तोही तुआसलाच, जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत अकाउंटंट होता आणि बँडमध्ये बँजो वाजवायचा.

बँजो म्हटला की मराठी माणसाला गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. श्रीनिवासचा बँजो तो नव्हे. हा पाच तारांचा, पोटावर कातडं ताणलेला, उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या चढवून वाजवायचा. कंपनीने एकदा त्याला काही महिने अमेरिकेला धाडलं होतं. तिथल्या एका जत्रेत त्याने तो ऐकला आणि हा सरळमार्गी, डबा वेळेवर खाणारा माणूस कामातून गेला. सविताने, म्हणजे त्याच्या बायकोने, चार दिवसांचं खूळ म्हणून सोडून दिलं. चार दिवस गेले, वर्षं गेली, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला, मुलगी क्षिप्रा कॉलेजात जायला लागली आणि खूळ जिथल्या तिथे.

कारण श्रीनिवासकडे दुसरं काही नव्हतं. ऑफिसात त्याचं मत कुणी विचारत नसे. घरात विचारत, पण ऐकत नसत. चारचौघांत तो असला काय नि नसला काय, कुणाच्या लक्षात यायचं नाही. बँजो मांडीवर घेतला की मात्र त्याची बोटं अशी काही पळायची की बघणाऱ्याला वाटावं, हा कुणी दुसराच माणूस आहे. त्यालाही तसंच वाटायचं आणि तो दुसरा माणूस त्याला फार आवडायचा.

बँडची गाणी सगळी विक्रांतची. 'पीआर मिळेना, पोरगी ऐकेना' हे त्यातलं गाजलेलं, 'शेजारणीच्या दारातल्या चपला' त्याखालोखाल. श्रीनिवासची रचना एकच आणि तिला शब्दच नव्हते. रोज सकाळी बुकित बातोकहून निघायचं, जुराँग ईस्टला गाडी बदलायची, मग पश्चिमेकडे गर्दी उतरत उतरत डबा रिकामा होत जातो आणि शेवटचं स्टेशन तुआस लिंक. त्या प्रवासात खिडकीशी बसून बोटांनी गुडघ्यावर वाजवत त्याने ती धून बांधली होती. नावही 'तुआस लिंक'च. तिच्यात विनोद औषधालाही नव्हता. विक्रांत ती मध्यंतराच्या आधी ठेवायचा, म्हणजे लोकांना उठून बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहता येईल. पण दर वेळी कुणी ना कुणी बसून राहायचं आणि कार्यक्रम संपल्यावर येऊन, "ते मधलं काय होतं हो? छान होतं," असं म्हणून जायचं. तेवढ्यावर श्रीनिवास पुढचा कार्यक्रम येईपर्यंत जगायचा.

ब्लूग्रासची एक जुनी रीत आहे. सगळ्या बँडला मिळून माइक एकच. ज्याची पाळी असेल तो पुढे सरकून माइकशी वाजवतो, बाकीचे मागे होतात. त्याचं झालं की तो कडेने मागे जातो आणि दुसरा पुढे येतो, एकमेकांचे पाय न तुडवता. माइकशी असेल तोच ऐकू येतो, मागचे नुसते दिसतात. बैलगाडीवाल्यांनी ही रीत निष्ठेने पाळली होती.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात श्रीनिवास माइकशी आला, 'तुआस लिंक' सुरू केली आणि धून रंगात येते त्या वळणावर त्याच्या उजव्या हाताची तर्जनी वळली. आपोआप तळव्याकडे वळून मुडपून बसली. दुखलं नाही, पेटका आला नाही, नुसती वळली. त्याने ती सरळ केली, पुन्हा सुरुवात केली, त्याच वळणावर ती पुन्हा वळली. धून थांबली. हॉलमध्ये चिडीचूप झालं आणि श्रीनिवासच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात विक्रांत पुढे आला. शांतपणे घड्याळात बघितलं, श्रीनिवासकडे बघितलं आणि माइकमध्ये म्हणाला, "मंडळी, बैल बसला."

हॉल कोसळला. सुबोधने लगेच श्रीनिवासच्या मागे जाऊन नसलेली शेपटी पिरगाळली. अनघाने पाण्याची बाटली उचलून त्याच्या तोंडापुढे धरली, बैलाला पाणी दाखवतात तशी. बटाटेवड्याच्या रांगेतले लोक परत खुर्च्यांवर येऊन बसले. श्रीनिवासला त्या क्षणी विक्रांतच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्याची फजिती झाली होती आणि मित्राने ती उचलून खिशात टाकली होती.

विनोदी बँडचं हेच असतं. इतर बँडांत चूक झाली की लोक चुकणाऱ्याकडे बघतात. इथे चूक झाली की तिला आणखी दोन चुका जोडायच्या आणि पुढच्या वेळी ती ठरवून करायची. क्षिप्राने त्या प्रसंगाचा व्हिडिओ मैत्रिणींना पाठवला. "पप्पा, यू आर सो फनी लाह," असं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ती पहिल्यांदाच म्हणाली. तो व्हिडिओ मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवरून पुंगोलपासून जुराँगपर्यंत, अख्ख्या बेटावर फिरला. वर्षानुवर्षं सतरंजी घालणाऱ्यांइतकेच श्रोते मिळवणाऱ्या बैलगाडीला आमंत्रणं यायला लागली आणि प्रत्येक आमंत्रणात एकच मागणी, बैल बसायला हवा.

मग तालीम सुरू झाली, वाजवण्याची नव्हे, बसण्याची. श्रीनिवासने वाजवता वाजवता थांबायचं, तिघांनी माइक घेरायचा, विक्रांतने बाजारात बैल विकायला काढायचा, अनघाने भाव पाडायचा आणि मागे श्रीनिवासने रवंथ करायचा. रवंथ तो फार चांगला करायचा. लोक पोट धरून हसायचे. मॉलमध्ये अनोळखी माणसं थांबवून विचारायची, "काय, उठला का बैल?" तोही हसायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीत बोट खरोखरच वळत होतं हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. थांबायचं नाटक त्याला कधीच करावं लागलं नाही. त्या वळणावर बोट दर वेळी इमानेइतबारे वळायचं.

सरावाने ठीक होईल म्हणून तो शनिवारी सकाळी लिटल ग्विलिनच्या तळ्याकाठी जाऊन बसायला लागला. जितका सराव करावा तितकं बोट लवकर वळायला लागलं. आधी त्या वळणावर, मग त्याच्या अलीकडे, मग गाण्यांतही. तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर समजूतदार बाई होत्या. त्यांनी त्याला लिहायला लावलं, टाइप करायला लावलं, शर्टाची बटणं काढा-घाला म्हणाल्या. सगळं जमलं. बँजो वाजवायला लावला आणि बोट वळलं. त्यांनी मान डोलावली. बोटात दोष नाही, म्हणाल्या, दोष मेंदूत. एकच हालचाल वर्षानुवर्षं करून मेंदूतला त्या बोटांचा नकाशा पुसट झालाय. सरावाने तो आणखी पुसट होतो. पूर्ण बरं होतं का, तर होत नाही म्हटलेलंच बरं.

"यू डोन्ट प्ले फॉर अ लिव्हिंग, राइट?" त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. "देन नो प्रॉब्लेम," असं म्हणून त्या मनापासून हसल्या.

आता या बाईंवर रागावायचं तरी कसं? त्यांच्याकडे चालता न येणारी माणसं यायची, गिळता न येणारी यायची. श्रीनिवासचा हात जेवत होता, पगार मिळवत होता, फक्त बँजो तेवढा नाही म्हणत होता. असल्या दुःखाला कुणाच्या दारात उभं करायचं? त्याने घरी येऊन सविताला सांगितलं. तिने त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बोटं दाबून दिली आणि म्हणाली, "अरे, निदान तबला शिक आता." ती थट्टा करत नव्हती. त्याला बरं वाटावं म्हणून जे सुचलं ते बोलली होती.

बँडला त्याने सुबोधच्या फ्लॅटवर तालमीच्या वेळी सांगितलं. सांगायला सुरुवात केली तेव्हा सुबोध हसला, कारण त्याला वाटलं हा नवीन तुकडा आहे. मग त्याचं हसू मावळलं. अनघाचे डोळे भरून आले. सुबोध आत जाऊन आईने पाठवलेलं नारायण तेल घेऊन आला. विक्रांत उठून श्रीनिवासच्या शेजारी बसला.

"श्री, तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुला बँडमधून कोण काढतंय? उलट तुझ्यामुळे तर चाललंय सगळं. आणि असं बघ, तुला वाजवायचं थोडंच आहे? बसायचंच आहे."

तो हे प्रेमाने बोलला हीच त्यातली वाईट गोष्ट. चौघांनी चहा घेतला, खारी खाल्ली आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम केली. श्रीनिवासने रवंथ केला.

ड्युरियनचा हंगाम संपत आला होता. तालमीनंतर सुबोध सगळ्यांना ब्लॉकखालच्या फळवाल्याकडे घेऊन गेला. ड्युरियन म्हणजे फणसाचा उग्र वासाचा चुलतभाऊ. तो खाताना हाताला वास लागू नये म्हणून दुकानदार पातळ प्लास्टिकचे हातमोजे देतो. खाऊन झालं. दुकानातल्या म्हाताऱ्या अंकलने बँजोची पेटी बघितली आणि म्हणाला, "यू म्युझिशियन, आह? प्ले लाह." श्रीनिवास नको नको म्हणाला, पण म्हातारा ऐकेना. तारांना वास लागेल म्हणून श्रीनिवासने उजव्या हातात नवा मोजा चढवला, त्यावर नख्या घातल्या आणि थोडंसं वाजवून मोकळं व्हावं म्हणून 'तुआस लिंक' सुरू केली.

ते वळण आलं आणि गेलं. बोट वळलं नाही.

त्याचा विश्वास बसेना. आणखी थोडं वाजवलं. तर्जनी पहिल्यासारखी, म्हणजे वर्षभरापूर्वीसारखी, हलकी आणि सरळ पळत होती. मग तो एकदम थांबला. अंगणात उतरलेलं पाखरू उडून जाईल या भीतीने माणूस जागच्या जागी थांबतो, तसा. बाकीचे बिलावरून वाद घालत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. म्हाताऱ्याने अंगठा दाखवला.

डॉक्टरबाईंना यात नवल वाटलं नाही. असं होतं, म्हणाल्या. मोज्यामुळे बोटाला वेगळा स्पर्श लागतो आणि मेंदू थोडा वेळ फसतो. बिघडला तो हात वेगळा, हा नवाच, असं त्याला वाटतं. पण मेंदू काही कायमचा मूर्ख राहत नाही. कुणाला महिनाभर उपयोग होतो, कुणाला दोनदा-तीनदा. त्यानंतर मोजा घातला काय, न घातला काय, सारखंच.

श्रीनिवासने घरी येऊन बँजोची पेटी बंद केली आणि कपाटावर ठेवली. कार्यक्रम येत्या शनिवारी होता. उरलेल्या दोनतीन वेळा त्याला तळ्याकाठच्या कासवांपुढे उधळायच्या नव्हत्या. त्याला आता एकच हवं होतं. 'तुआस लिंक' एकदा, शेवटची, पहिल्यापासून अखेरपर्यंत माणसांपुढे वाजवायची. माणसांनी ती ऐकायची. मग तो दुसरा माणूस गेला तरी चालेल. कुणीतरी त्याला बघितलेलं असेल.

त्याने विक्रांतला फोन केला आणि सगळं सांगितलं. "या वेळी बैल नको. मला वाजवू द्या," तो म्हणाला.

विक्रांत म्हणाला, "दिला शब्द. मी स्वतः सांगतो लोकांना. मध्ये कुणी तोंड उघडणार नाही, मी तर नाहीच." सुबोध आणि अनघानेही कबूल केलं. श्रीनिवासने आठवडाभर बँजोला हात लावला नाही. ऑफिसला जाताना खिडकीशी किंवा घरी सोफ्यावर बसून गुडघ्यावर वाजवण्याचा मोह झाला की तो उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचा. मनात मात्र मांडे भाजणं चालू होतं. सविताला त्याने पुढच्या रांगेत बसायला सांगितलं. तिने त्यासाठी मंडळाच्या बायकांशी वाकडेपणा घेऊन तिसऱ्या रांगेतली खुर्ची मिळवली.

कार्यक्रम दुपारचा होता. आरती झाली, लहान मुलांचे नाच झाले, मग बैलगाडी स्टेजवर आली. हॉल गच्च भरला होता. पहिल्या दोन गाण्यांत लोक तापले. मग बाकीचे मागे सरकले, श्रीनिवास माइकशी आला आणि त्याने खिशातून प्लास्टिकचा मोजा काढून उजव्या हातात चढवला.

आधी कुणीतरी खुसखुसलं. मग मागून आवाज आला, "ड्युरियन आणलाय वाटतं." आणि हशा उसळला. श्रीनिवास मोज्यावर नख्या चढवत होता, ते बघून आणखी हशा. बैल बसणार हे लोकांना ठाऊक होतं, पण या वेळी तो मोजे घालून बसणार होता.

विक्रांतने शब्द पाळला. तो पुढे आला, दोन्ही हात वर केले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मंडळी, आज विनोद नाही. आज श्रीनिवास 'तुआस लिंक' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार आहे. तुम्ही फक्त शांतपणे ऐकायचंय."

त्याच्या आयुष्यात कुठल्याच वाक्याला एवढा हशा मिळाला नव्हता. माणसं खुर्च्यांवरून घसरली. एक काका डोळे पुसत होते. विक्रांत काहीतरी आणखी समजावायला गेला तर त्यालाही हशा, तो गप्प राहिला तर त्या गप्प राहण्यालाही हशा. शेवटी तो हताश होऊन मागे झाला आणि श्रीनिवासने सुरुवात केली.

बोट सरळ राहिलं. बुकित बातोक सुटलं, जुराँग ईस्ट आलं, गाडी बदलली. अनघाचं फिडल मागून हलक्या पावलांनी सोबत करत होतं, सुबोधचा बास ठेका धरून होता. हॉल हसू दाबून वाट बघत होता. ते वळण आलं आणि श्रीनिवास त्यातून पाण्यातून मासा जावा तसा गेला. त्याचं काळीज इतकं हलकं झालं की त्याला रडू येईल असं वाटलं. वर्षभर हरवलेला तो दुसरा माणूस परत येऊन त्याच्या जागी उभा राहिला होता. आता फक्त ऐका, तो मनात म्हणत होता, आता थोडंच राहिलंय.

पण लोक ऐकत नव्हते, वाट बघत होते. बैल बसेना म्हणताच ते आधी गोंधळले, मग चुळबुळायला लागले. ज्या गमतीसाठी माणूस आला ती दिली नाही तर त्याला देवाचं गाणंही कंटाळवाणं वाटतं. कुणी फोन काढला, कुणी शेजाऱ्याला "आज काय झालं?" विचारलं. एक कुटुंब उठून चहाकडे निघालं. मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्यांच्या तालावर सुरू केलं, "बैल बसला, बैल बसला." मोठी माणसंही त्यात मिसळली.

श्रीनिवासने डोळ्याच्या कोपऱ्यातून विक्रांतकडे बघितलं. विक्रांतने ओठ घट्ट मिटले होते. त्याने दिलेला शब्द तो खरोखर धरून उभा होता. पण वीस वर्षं लोकांना हसवत आलेल्या माणसासमोर हॉल थंड पडायला लागला की त्याच्या जिवाचं काय होतं हे त्याचं त्यालाच ठाऊक. त्याचा पाय हलला. मागे गेला, पुन्हा हलला. मग तो पुढे आला, रीतीप्रमाणे कडेने, श्रीनिवासच्या पायावर पाय न देता, आणि सवयीने श्रीनिवास मागे सरकला.

ती चूक श्रीनिवासची. माइकशी कुणी आलं की मागे व्हायचं, हे इतकी वर्षं अंगात मुरलेलं. बोटं वाजवत होती आणि पावलं आपोआप मागे गेली.

"अहो मंडळी," विक्रांत माइकमध्ये म्हणाला, "बसलेल्याला उठवायला शिकलो, आता या उठलेल्याला बसवायचा कसा?"

हॉल फुटला. पुढच्या रांगा बघायला उठून उभ्या राहिल्या. सुबोधने बास आडवा टाकला आणि श्रीनिवासला पकडायला धावला, त्याने आधी शब्द दिला होता हे त्याच्या डोक्यातच राहिलं नाही. विक्रांतने बैलाला वेसण घालायला प्रेक्षकांतून माणूस मागितला. दोन जण आलेसुद्धा. या सगळ्यामागे, स्टेजच्या कडेला, अनघा डोळे मिटून फिडल ओढत राहिली आणि श्रीनिवास वाजवत राहिला. शेवटची स्टेशनं एकेक करून गेली. डबा रिकामा झाला. तुआस लिंक आलं आणि धून जशी संपायला हवी तशी, अगदी तशी, संपली. ती संपली हे कुणाला कळलं नाही. त्याचे हात थांबले तेव्हा विक्रांत बैलाची किंमत पुकारत होता.

मग टाळ्या. उरलेले लोकही उभे राहिले. "वन्स मोअर" सुरू झालं, ते थांबेना. विक्रांतने मागे वळून बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय केलं ते आत्ता त्याच्या ध्यानात येत होतं. तो माइकपासून बाजूला झाला, दोन्ही हातांनी श्रीनिवासला पुढे बोलावलं आणि लोकांना गप्प राहायची खूण केली. लोक त्या खुणेलाही हसले.

श्रीनिवास माइकशी आला. मोजा ओढून नीट केला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी हॉल जरा शांत होता. पहिल्याच वळणाच्या अलीकडे तर्जनी मोज्यासकट वळली आणि तळव्याला जाऊन चिकटली. त्याने ती सरळ करायचा प्रयत्न केला नाही. मेंदूला कळलं होतं. कुणीतरी "बसला रे बसला" म्हणून ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, मघाइतकाच, जराही कमी नाही आणि जास्त नाही. श्रीनिवासने वाकून नमस्कार केला.

पडद्यामागे विक्रांत त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. "राहवलं नाही रे. हॉल हातातून चालला होता," म्हणाला. श्रीनिवासने त्याच्या पाठीवर थोपटलं. "मी असतो तरी हेच केलं असतं," असं तो म्हणाला आणि ते खरं नव्हतं. सुबोध बासची पेटी उगाच उघडत-बंद करत होता. अनघा निघताना त्याच्याजवळ थांबली, काहीतरी बोलणार होती, पण मंडळाचे अध्यक्ष पुढच्या वर्षीची तारीख ठरवायला आले.

सविता त्याच्याबरोबर टॅक्सीत बसली. बँजोची पेटी दोघांच्या मध्ये उभी होती. बाहेर संध्याकाळ व्हायला लागली होती. तिला आज काय होतं ते माहीत होतं, आठवडाभर त्याच्या मांडीखाली दाबलेला हात तिने बघितला होता. तिने पेटीवरून हात पुढे करून त्याचा उजवा हात धरला. बोटं सरळ, मोकळी, अगदी निरोगी होती.

"अरे," ती हळूच म्हणाली, "माझ्या पुढे सगळे उभे राहिले होते. आवाज तर विचारू नकोस. तुला जमलं ना रे? अख्खी वाजवलीस ना?"

"हो."

तिचे डोळे पाणावले. तिने त्याचा हात घट्ट दाबला.

"कधी? पहिल्या वेळी की दुसऱ्या?"

"पहिल्या," श्रीनिवास म्हणाला आणि टॅक्सीवाल्याला ब्लॉकचा नंबर सांगितला.